नाही म्हणणारा माणूस

तुमच्या बाबतीतही हे नक्की झालं असणार. एखाद्या दिग्दर्शकाचा सिनेमा बघून आपण पार वेडे होतो. आठवडाभर ऑफिसात दुसरं काही बोलत नाही, जो भेटेल त्याला "बघितलास का? अजून नाही?" असं छळतो. मग त्याच दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा येतो. पहिल्या दिवशीची तिकिटं आपणच पुढाकार घेऊन काढलेली असतात. आणि मध्यंतरात, समोसा खाताना, मित्रमंडळी आपल्याकडे अशा नजरेने बघतात की समोसा घशाखाली उतरत नाही.

प्रश्न साधा आहे. माणूस तोच. डोकं तेच. अनुभव तर वाढलेलाच. पैसेही आता भरपूर. मग हे असं का होतं?

गेल्या शनिवारी मी 'हेवन्स गेट' बघितला. साडेतीन तासांच्या वर आहे, त्यामुळे 'बघितला' पेक्षा 'पार पाडला' म्हणणं जास्त बरोबर. हा सिनेमा नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिन्सेंट कॅन्बी या समीक्षकाने त्याची सालं काढली होती. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आधीच्या सिनेमाच्या यशासाठी या दिग्दर्शकाने सैतानाला आत्मा विकलेला असावा आणि आता सैतान वसुलीला आलाय. वाक्य म्हणून झकास आहे, पण आम्हा इंजिनिअर लोकांना सैतान हे रूट कॉज म्हणून चालत नाही. म्हणून जरा खोलात शिरलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. दिग्दर्शकाचं नाव मायकल चिमिनो. त्याचा पहिला सिनेमा 'थंडरबोल्ट अँड लाइटफूट' (१९७४). पटकथा त्याचीच, हीरो क्लिंट ईस्टवूड आणि सिनेमाही ईस्टवूडच्याच कंपनीचा. ईस्टवूड म्हणजे एकदोन टेकमध्ये शॉट ओके करून पुढे सरकणारा गडी. अशा माणसाच्या हाताखाली नवखा दिग्दर्शक काय रेंगाळणार? काम नीट झालं, सिनेमाही चालला.

दुसरा सिनेमा 'द डिअर हंटर' (१९७८). पेनसिल्वेनियातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे मित्र, व्हिएतनामचं युद्ध आणि त्यातून परत आलेली (आणि न आलेली) माणसं. रॉबर्ट डी नीरो, ख्रिस्तोफर वॉकन, मेरिल स्ट्रीप. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघाच. याच्या वेळीही चिमिनोने खर्च वाढवला आणि लांबीवरून निर्मात्यांशी भांडणं केली. पण शेवटी तीन तासांचा सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. ९ एप्रिल १९७९ ला त्याला पाच ऑस्कर मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ही दोन्ही. दिग्दर्शनाचं बक्षीस द्यायला स्टेजवर होता फ्रान्सिस फोर्ड कोपोला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

ऑस्करनंतर बरोबर एका आठवड्याने, १६ एप्रिलला, मोंटाना राज्यात चिमिनोने 'हेवन्स गेट'चं शूटिंग सुरू केलं.

गोष्ट १८९२ सालातली. वायोमिंगमध्ये गुरांचे मोठे मालक आणि तिथे नव्याने आलेले गरीब वसाहतवाले यांच्यात खरोखर एक लढाई झाली होती, जॉन्सन काउंटी वॉर नावाची. मालकांनी बाहेरून भाडोत्री बंदूकवाले आणले होते. विषय जबरदस्त आहे, यात वाद नाही. चिमिनोने ही पटकथा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवली होती, पण तेव्हा कुणी हात लावला नाही. आता त्याच्या हातात ऑस्कर होतं.

सिनेमा काढणारी कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स. १९१९ मध्ये चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या चौघांनी काढलेली. मंजूर बजेट सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर. १९७९ च्या ख्रिसमसला सिनेमा लावायचा असं ठरलेलं. शूटिंगचे पहिले सहा दिवस झाले तेव्हा चिमिनो वेळापत्रकाच्या पाच दिवस मागे होता. (हे वाचून ज्यांना स्वतःचा प्रोजेक्ट आठवला त्यांना माझी पूर्ण सहानुभूती आहे.)

मग किस्से सुरू झाले. एकेका शॉटचे तीस-चाळीस, क्वचित पन्नासच्याही वर टेक. गावाचा रस्ता उभा केला होता, तो चिमिनोला अरुंद वाटला. सहा फूट रुंदी वाढवायची. कुणीतरी म्हणालं, एकाच बाजूची घरं पाडून सहा फूट मागे घेऊ, निम्म्या खर्चात काम होईल. चिमिनो म्हणाला, नाही, दोन्ही बाजूंची पाडा आणि तीन-तीन फूट मागे घ्या. असं सांगतात. एकूण १३ लाख फूट फिल्म खर्ची पडली, म्हणजे दोनशे तासांहून जास्त. जून १९८० मध्ये त्याने कंपनीच्या लोकांना पहिली जुळणी दाखवली ती होती सव्वापाच तासांच्या वर. कापून कापून ३ तास ३९ मिनिटांवर आणली. प्रीमियरच्या मध्यंतरात कुणीच शॅम्पेन पीत नव्हतं. का, असं चिमिनोने विचारलं, तर त्याला सांगण्यात आलं की त्यांना सिनेमा आवडलेला नाही म्हणून.

सिनेमा थिएटरातून परत घेतला गेला. एप्रिल १९८१ मध्ये अडीच तासांचा करून पुन्हा लावला. सगळा मिळून खर्च ४ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास, गल्ला जेमतेम ३५ लाख. युनायटेड आर्टिस्ट्स ज्या ट्रान्सअमेरिका कंपनीच्या मालकीची होती, तिने त्याच वर्षी ती एमजीएमला विकून टाकली. आकड्यांकडे बघता ट्रान्सअमेरिका हा तोटा पचवू शकली असती. पण इन्शुरन्सचा धंदा करणाऱ्या कंपनीला रोज पेपरात स्वतःची अशी शोभा बघणं कोण सांगितलंय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

पहिलं उत्तर आकडेशास्त्राचं. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंच्यांचा अभ्यास केला आणि त्याला दिसलं, की फार उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुतेक वेळा आईबापांइतकी नाही. सिनेमाचंही तसंच. महान सिनेमा म्हणजे गुणवत्ता अधिक नशीब. योग्य नट योग्य वेळी रिकामा असणं, पाऊस हवा तेव्हा पडणं, लोकांचा त्या वर्षीचा मूड. गुणवत्ता पुढच्या सिनेमात बरोबर येते, नशीब येईलच असं नाही. त्यामुळे अतिशय उत्तम गोष्टीनंतरची गोष्ट जरा कमी असणं हा नियमच आहे.

हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. यातून 'जरा कमी' कळतं. सहा दिवसांत पाच दिवस मागे कसे पडतात ते कळत नाही.

दुसरं उत्तर आमच्या धंद्यातलं. फ्रेड ब्रुक्स हा माणूस आयबीएममध्ये ओएस ३६० या अवाढव्य प्रकल्पाचा प्रमुख होता. त्या अनुभवावर त्याने १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, की डिझायनरची पहिली सिस्टीम साधी, आटोपशीर असते, कारण तो बिचकत असतो. सुचलेल्या सगळ्या सुंदर कल्पना तो 'पुढच्या वेळी' म्हणून बाजूला ठेवतो. मग 'पुढची वेळ' येते, आत्मविश्वास आलेला असतो, आणि त्या सगळ्या कल्पना एकदम आत ओतल्या जातात. म्हणून सगळ्यात धोक्याची सिस्टीम दुसरी. चिमिनोचा हा मोजायला तिसरा सिनेमा, पण स्वतःच्या मर्जीने केलेला पहिलाच. कित्येक वर्षं फडताळात पडलेली पटकथा, त्यावर साठलेलं सगळं ओतलं. ब्रुक्सने जणू त्याच्यासाठीच लिहिलं होतं.

पण ब्रुक्सचं उत्तरही अर्धंच आहे. सगळं ओतावंसं वाटणं हा माणसाचा स्वभाव झाला. ओतू कुणी दिलं?

इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट शूटिंगच्या सव्वा वर्ष आधीची आहे. १९७८ च्या जानेवारीत युनायटेड आर्टिस्ट्सचा सर्वेसर्वा आर्थर क्रिम आणि त्याचे चार वरिष्ठ सहकारी ट्रान्सअमेरिकाशी खटके उडून एकदम बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी कंपनी काढली. ही मंडळी ऐरीगैरी नव्हती. 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट', 'रॉकी' आणि 'ॲनी हॉल' अशी लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यांच्या काळात काढलेल्या सिनेमांमुळे कंपनीला मिळालं. त्यांची पद्धत अशी, की पटकथा, नट, बजेट या गोष्टींवर आधी नीट बोलून घ्यायचं आणि एकदा होकार दिला की दिग्दर्शकाच्या कामात नाक खुपसायचं नाही. म्हणजे स्वातंत्र्य भरपूर, पण कुंपण आधी घातलेलं.

ते गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना दोन चिंता होत्या. एक, मोठे दिग्दर्शक जुन्या लोकांच्या मागे जातील. दोन, कंपनी संपली असं सगळ्या हॉलिवूडला वाटेल. त्यामुळे त्यांना नाव हवं होतं, आणि ज्याच्या नव्या सिनेमाचा गवगवा आत्ताच सुरू झालाय असा चिमिनो दारात उभा होता. हे सगळं आपल्याला कळतं ते स्टीव्हन बाख या माणसामुळे. तो तेव्हा निर्मितीचा प्रमुख होता, या प्रकरणात त्याचीही नोकरी गेली, आणि १९८५ मध्ये त्याने 'फायनल कट' हे पुस्तक लिहिलं. स्वतःच्या चुकांबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिलेलं पुस्तक मी फार कमी वाचलंय.

बाखच्या पुस्तकातून दिसतं ते असं. 'नाही' एकदम संपलं नाही. ते रोज थोडं थोडं झिजत गेलं. नायिकेच्या भूमिकेत चिमिनोला इझाबेल ह्युपेर ही फ्रेंच नटी हवी होती. कंपनी म्हणाली, तिचं इंग्रजी कुणाला कळणार, नाही. चिमिनो हटला नाही, कंपनी हटली. (गंमत म्हणजे ह्युपेर सिनेमात चांगली आहे. पण चिमिनो त्यातून जे शिकला ते हे, की यांचं 'नाही' म्हणजे अजून थोडा दम धरा.) मग करारात एक कलम आलं. ख्रिसमसची तारीख गाठण्यासाठी जो जास्तीचा खर्च होईल तो बजेटपेक्षा जास्त झालेला खर्च धरायचा नाही! हे कलम मी दोनदा वाचलं. म्हणजे बजेट आहे, पण ते ओलांडताच येत नाही, कारण ओलांडलं तरी ओलांडलं असं म्हणायचं नाही. निर्माती कोण, तर जोॲन कॅरेली, चिमिनोचीच जुनी सहकारी. म्हणजे कोड लिहिणारा आणि रिव्ह्यू करणारा एकाच पार्टीचे.

शेवटी वैतागून बाख आणि त्याचा सहकारी डेव्हिड फील्ड लोकेशनवर गेले. तिथे त्यांना चित्रित झालेला भाग दाखवण्यात आला. तो इतका सुंदर होता की त्यांचा राग निम्मा तिथेच विरला. शिवाय त्याच वर्षी याच कंपनीचा आणखी एक सिनेमा असाच वर्षानुवर्षं लांबला होता, त्याच्याही नावाने सगळे बोटं मोडत होते, आणि मे १९७९ मध्ये त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला होता. 'अपोकॅलिप्स नाऊ'. दिग्दर्शक कोपोला. आता डोळ्यांसमोर हे उदाहरण असताना चिमिनोला थांबवायची छाती कुणाला होणार? थांबवलं आणि तोही महान सिनेमा निघाला असता तर?

नुसते पैसेच बुडाले असते तर एक वेळ ठीक होतं. या शूटिंगमध्ये घोडे जायबंदी झाले, मेले, कोंबड्यांची खरीखुरी झुंज लावली गेली. त्यावर इतका गदारोळ झाला की त्यानंतर हॉलिवूडच्या सेटवर प्राण्यांवर लक्ष ठेवायला 'अमेरिकन ह्यूमेन'ची माणसं बसवण्याची रीत पडली. म्हणजे 'नाही' म्हणणारा माणूस शेवटी आलाच, पण बाहेरून आणि उशिरा.

एकाच उदाहरणावरून सिद्धांत मांडणं बरोबर नाही, म्हणून आणखी तीन बघू.

कोपोलाचंच घ्या. 'द गॉडफादर' (१९७२) करताना पॅरामाउंट कंपनी त्याच्या मानगुटीवर बसलेली होती. मार्लन ब्रँडो नको. अल पचीनो नको. आज आपल्याला हसू येतं, कारण दोन्ही 'नाही' चुकीचे होते. पण त्या 'नाही'मुळे कोपोलाला प्रत्येक गोष्ट पटवून द्यावी लागली, ब्रँडोची चाचणी चित्रित करून दाखवावी लागली. पटवून देण्यासाठी आधी स्वतःला नीट कळावं लागतं. मग 'अपोकॅलिप्स नाऊ' पार पडल्यावर त्याने १९८० मध्ये स्वतःचा स्टुडिओ घेतला. आता नाही म्हणणारं कुणीच नाही. एका साध्या प्रेमकथेसाठी त्याने स्टुडिओच्या आत अख्खं लास वेगास उभं केलं. 'वन फ्रॉम द हार्ट' १९८२ मध्ये लागला. खर्च अडीच कोटी डॉलरच्या वर, अमेरिकेतला गल्ला दहा लाखांच्याही आत. स्टुडिओ गेला आणि पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

दुसरा स्पिलबर्ग. 'जॉज' (१९७५) आणि 'क्लोज एन्काउंटर्स' (१९७७) नंतर त्याने '१९४१' (१९७९) नावाची प्रचंड खर्चिक विनोदी युद्धकथा केली. पैसे अगदीच बुडाले नाहीत, पण हसू कुणाला आलं नाही. मग पुढच्या सिनेमात निर्माता म्हणून जॉर्ज लुकास आला. बजेट घट्ट, वेळापत्रक घट्ट, आणि लुकास स्वतः दिग्दर्शक असल्यामुळे त्याला गंडवणं अशक्य. स्पिलबर्गने ठरलेल्या दिवसांच्या आधीच शूटिंग संपवलं. तो सिनेमा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१). दोन वर्षांत स्पिलबर्गची अक्कल वाढली नव्हती. फक्त समोर माणूस होता.

आणि तिसरा आपल्या चेंबूरचा. 'संगम' (१९६४) तुफान चालल्यावर राज कपूरने 'मेरा नाम जोकर' हाती घेतला. स्टुडिओ स्वतःचा, निर्माता स्वतः, दिग्दर्शक स्वतः, हीरोही स्वतः. सहा वर्षं लागली. १९७० मध्ये लागला तेव्हा चार तासांचा, दोन मध्यंतरं. आपटला. डोक्यावर कर्ज झालं. मग मोठे स्टार परवडेनात म्हणून घरचा मुलगा आणि एक नवी मुलगी घेऊन त्याने 'बॉबी' (१९७३) काढला. पुढचं माहीतच आहे. राज कपूरच्या बाबतीत नाही म्हणणारा माणूस शेवटी मिळाला तो म्हणजे रिकामी तिजोरी.

आता माझ्याच विरुद्धचा मुद्दा मांडतो. 'जोकर'वर आज जीव टाकणारे लोक आहेत. 'हेवन्स गेट'ही २०१२ मध्ये दुरुस्त होऊन व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, चिमिनो स्वतः हजर होता. (२०१६ मध्ये तो वारला. 'हेवन्स गेट'नंतर उभ्या आयुष्यात त्याला फक्त चारच पूर्ण लांबीचे सिनेमे करता आले.) मग तो सिनेमा वाईट होता की लोकच चुकले?

माझं प्रामाणिक मत सांगू? अख्खं गाव स्केट्स घालून नाचतं तो प्रसंग बघताना मी श्वास रोखून धरला होता. असे चारपाच तुकडे यात आहेत. पण त्यांच्या मध्ये धूळ आहे, न ऐकू येणारे संवाद आहेत, आणि जो पदवीदान समारंभ दहा मिनिटांत आटपला असता तो संपता संपत नाही. यात एक महान सिनेमा पुरलेला आहे. तो खणून काढायला एका माणसाची गरज होती, जो चिमिनोच्या शेजारी बसून म्हणाला असता, "मायकल, इथे मला कंटाळा येतोय." तो माणूस समीक्षकांइतका कठोर असायची गरज नव्हती. फक्त त्यांच्या आधी यायला हवा होता.

मला हे सगळं इतकं का लागलं ते सांगतो आणि थांबतो. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं एक मॉड्यूल फार चांगलं चाललं. तेव्हा आमच्याकडे एक सीनिअर होते, प्रत्येक रिव्ह्यूत वीस-वीस शेरे मारायचे. मी त्यांना घरी जाताना बसमध्ये मनसोक्त शिव्या दिल्यात. नंतर ते दुसरीकडे गेले. दुसरी आवृत्ती माझ्याकडे आली आणि टीममधली पोरं माझ्या कोडवर 'लुक्स गुड' एवढंच लिहायला लागली. मला वाटलं, चला, आता आपल्याला जमायला लागलं. सुचेल ते सगळं घातलं. चार महिन्यांचं काम नऊ महिन्यांवर गेलं आणि त्यातलं निम्मं शेवटी काढून टाकावं लागलं. सगळ्यात वाईट काय वाटलं असेल तर हे, की टीममधल्या एका मुलीला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं की हे फार होतंय. मी विचारल्यावर तिने सांगितलं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" तर म्हणाली, "सर, तुमचं आधीचं इतकं छान होतं ना..."

असो. त्या सीनिअरना या आठवड्यात फोन करणार आहे. नवं डिझाइन आहे, जरा बघून द्याल का विचारायला. शिव्या आत्तापासूनच तयार ठेवल्यात.